राजकन्या बोलेपर्यंत

नाना गेल्यावरही त्यांचा आवाज शाळेत रोज लागत होता, हे मला घरच्या कोणी सांगितलं नव्हतं. उज्वला मॅडमनी सांगितलं, तेही फोनवर. सांगण्याआधी त्यांनी दोनदा विचारलं, आरतीताई, बोलू का, वाईट तर नाही ना वाटणार.

नाना म्हणजे माझे वडील, किशनराव. लोह्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की बोरवाडी लागते. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते शिक्षक होते आणि आमचं घरही तिथंच, वाडीच्या टोकाला. चार वर्ग आणि दोन शिक्षक अशी ती शाळा. पहिली-दुसरी नानांची, तिसरी-चौथी उज्वला मॅडमची. दिवाळीच्या सुट्टीत नाना सकाळी अंगणात दाढी करायला बसले आणि तिथंच गेले. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा पहिली-दुसरीच्या खोलीत लेकरं होती, शिक्षक नव्हता.

आवाजाचं असं होतं. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद असताना नानांनी अंगणात बसून मोबाईलमध्ये धडे बोलायला सुरुवात केली. ज्यांच्या घरी फोन होता त्यांना ते पाठवायचे. शाळा सुरू झाल्यावर बाकीच्यांनी तो उद्योग सोडला, नानांनी सोडला नाही. एकाच खोलीत पहिली आणि दुसरी बसायची. दुसरीला शिकवत असताना पहिलीनं नुसतं पाटीवर गिरवत बसायचं, हे त्यांना पटत नव्हतं. मग खिडकीत एक लहानसा स्पीकर आला. पहिलीची लेकरं खिडकीकडं तोंड करून फोनमधल्या नानांकडून शिकायची, दुसरीची लेकरं फळ्याकडं तोंड करून समोरच्या नानांकडून. थोड्या वेळानं उलट. लोकवर्गणीतून आलेला मोठा टीव्ही त्याच खोलीत होता. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून आईनं शिवलेला पडदा असायचा आणि तो फारसा निघायचा नाही. "तेच्यातला माणूस लेकराला काही इचारत न्हाई," असं नाना एकदा म्हणाले होते. तेव्हा मी त्याचा फारसा विचार केला नव्हता.

शाळा उघडल्यावर मॅडमनी आईकडून नानांचा फोन मागून नेला आणि खिडकीत लावला. दोन खोल्यांमध्ये धावणाऱ्या एकट्या बाईला तेवढाच आधार. लेकरं बसली. नेहमीसारखी बसली, असं मॅडम म्हणाल्या.

मग बिरादार सर आले. ते केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळा त्यांच्या देखरेखीखाली. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या मोटारसायकलीला सतत पुढच्या शाळेची घाई असते. ते खोलीत उभे राहिले आणि नेमका प्रश्न संपून शांतता झाली. त्यांनी थोडी वाट बघितली, मग स्पीकरवर दोन थापा मारल्या. "मॅडम, अर्धा टाईम तर हे बंदच पडायलंय," ते हसून म्हणाले. जाताना जे बोलले ते मात्र हसून नव्हतं. नवा शिक्षक कधी येईल याचा भरवसा नाही. तोवर पहिली-दुसरीची लेकरं ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावच्या शाळेत बसवलेली बरी.

याचा अर्थ वाडीत सगळ्यांना कळत होता. लेकरू गावाबाहेरच पाठवायचं तर ओढ्यापलीकडं का, लोह्याच्या इंग्लिश शाळेची पिवळी गाडी काय वाईट, असं आईबाप म्हणणार. यंदा पहिली गेली की पुढच्या वर्षी दुसरी उरत नाही, आणि मग शाळाच उरत नाही. मॅडमनी थोडी मुदत मागितली. बिरादार सर म्हणाले, रेकॉर्डिंगवर लेकरं खरंच शिकत असतील तर दाखवा, अमुक शुक्रवारी येतो.

म्हणून मॅडमनी मला फोन केला होता. तुम्ही लातूरला हेच काम करता ना ताई, त्यांनी विचारलं. जरा नीट करून द्याल का.

मी लगेच हो म्हणाले. नाना गेल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. लातूरच्या खोलीवर धुतलेली भांडी पुन्हा धुवायचे. कामावरून सुटले की औसा रोडनं चालत निघायचे आणि गंजगोलाईच्या बाजाराला वळसा घालून परत यायचे, काही घ्यायचं नसताना. पुस्तकं हा माझा जुना आधार, पण त्यातही मन लागत नव्हतं. एका पानावर बोट ठेवून बसायचे आणि थोड्या वेळानं तेच पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचे. हाताला काही तरी हवं होतं, आणि हे तर नानांचंच काम होतं.

मी लातूरला एका मोठ्या क्लासच्या रेकॉर्डिंग विभागात आहे. डॉक्टर व्हायला निघालेली मुलं घरी बसून ज्या तासिका बघतात, त्या साफ करणं ही माझी नोकरी. सर खोकले, फळा पुसला, शब्द आठवायला थांबले, की ते कापायचं. आम्ही त्याला गॅप काढणं म्हणतो. श्वासापुरतीही जागा शिल्लक ठेवत नाही आणि मुलं तरीही ते दीडपट वेगानं बघतात. एक तासिका तयार झाली की मूळ रेकॉर्डिंग मिटवायचं, नाहीतर डिस्क भरते. इतकी वर्षं हे करते आहे की आता डोळे पडद्यावर असतात आणि बोटं आपोआप कापतात.

नानांचा फोन मी लातूरला आणला आणि धडे लॅपटॉपवर घेतले. आवाज पडद्यावर रेघेसारखा दिसतो. नाना बोलले की रेघ फुगायची, प्रश्न संपला की सपाट व्हायची आणि बराच वेळ सपाट राहायची. त्या सपाट भागात कुत्रं भुंकायचं, दुधाच्या गाडीचा भोंगा वाजायचा, आईच्या सुपाचा आवाज यायचा. मग नाना "हं" म्हणायचे आणि पुढं बोलायला लागायचे. मी कुत्रं काढलं, भोंगा काढला, सूप काढलं. सपाट भाग काढला. "हं" हा शब्दसुद्धा नव्हता, तोही काढला. सगळं जोडल्यावर ऐकलं तर नाना न अडखळता, सलग, ठामपणे बोलत होते. आमच्या क्लासमधल्या चांगल्यातल्या चांगल्या सरांसारखे. मला त्या आठवड्यात पहिल्यांदा जरा बरं वाटलं. लॅपटॉपवरचे मूळ धडे मी सवयीनं मिटवून टाकले.

रविवारी मी रजा घेऊन बोरवाडीला आले. धडे पेन ड्राइव्हमध्ये होते, स्पीकरला थेट लावता येतील असे. फोन आईला परत दिला, तर तिनं हातात धरलाच नाही. ज्यांना कळलं नव्हतं अशांचे फोन अजून येत होते, कोणी बदलीचं विचारायला, कोणी लग्नाचं सांगायला. "ह्यो वाजला की मला वाटतं, आता उचलतील," आई म्हणाली. "अंगदला दे. त्याच्या पोरीला पाहिजे म्हणत होता." अंगद माझा चुलतभाऊ. नानांचे कपडे तेराव्याला वाटून झालेच होते. धडे आता माझ्याकडे सुरक्षित होते, त्यामुळे मलाही आईचं पटलं. संध्याकाळी अंगद येऊन फोन घेऊन गेला.

सोमवारी मी आणि मॅडमनी मिळून पेन ड्राइव्ह लावला. मॅडमनी तिसरी-चौथीला गणितं घालून दिली होती, त्या दाराशी उभ्या राहिल्या. पहिलीची लेकरं खिडकीकडं वळून बसली. पाठ ताठ, पाट्या मांडीवर. नानांचा आवाज आला तेव्हा मी मुद्दाम बाहेरच्या पिंपर्णीच्या झाडाकडं बघत राहिले.

"आलात का सगळे, बसा," नाना म्हणाले.

लेकरं "आलोऽऽ" म्हणत होती, त्यावरच "बसा" येऊन आदळला. काही लेकरं दचकली. नाना पुढं गेले होते. आज आपण क हे अक्षर बघू. तुमच्या घरात अशी कोणती वस्तू आहे की जिचं नाव क नं सुरू होतं, सांगा बरं, लई चांगलं, मला आणखी एक आठवलं, कुदळ.

खोलीत कोणी काही सांगितलंच नव्हतं. एका पोरानं "कप" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. नाना काना शिकवायला लागले. पुढच्या प्रश्नाला दोघा-तिघांनी घाई करून बघितली, आवाज एकमेकांत मिसळले आणि नाना त्यांच्यावरून निघून गेले. त्याच्या पुढच्या प्रश्नाला कोणी बोललं नाही. गडबड केली नाही, मारामारी केली नाही. नुसती बसली. एकीनं भिंतीचा पोपडा काढायला घेतला. पाहुण्यांच्या घरी बसावं तशी ती लेकरं बसली होती.

मी स्पीकर बंद केला आणि विचारलं, काय झालं, आवडलं नाही का. सगळ्यांनी दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीकडं बघितलं. ती महादेवी. आजीचं नाव ठेवलेली, वर्गाच्या वतीनं बोलायचं काम बहुतेक तिच्याकडंच असावं.

"गुरुजी ऐकनात आता," ती म्हणाली.

मॅडम पटकन पुढं आल्या. महादेवी, अगं, तुला सांगितलंय ना, गुरुजी आता…

"मला मालूम हाय, गुरुजी वारले," महादेवी म्हणाली. तिला मॅडमचा जरा रागच आला होता. "वारल्यावर बी ऐकत होते की. आता ऐकनात."

मी बाहेर आले. हापशावर तोंड धुतलं, मग पुन्हा धुतलं. अंगदला फोन लावला. फोनमधलं काही काढू नकोस, असं सांगायचं होतं. तो खुशीत होता. "ताई, रातीच सगळं साफ करून टाकलं. नव्यासारखा झालाय बग," म्हणाला. मी बरं म्हणाले. मी जे केलं होतं तेच त्यानंही केलं होतं.

त्या दिवशी मला घरी बसवेना आणि शाळेतही थांबवेना. ओढ्यापर्यंत गेले, परत आले. माझ्याकडं आता नानांचा फक्त साफ आवाज होता. त्यांनी प्रश्न विचारल्यावर जिथं जिथं जागा ठेवली होती, ती सगळी मी स्वतःच्या हातानं फेकून दिली होती आणि ती किती होती तेही मला आठवत नव्हतं. कापताना कोण मोजतं. शुक्रवार जवळ येत होता.

मंगळवारी लॅपटॉप घेऊन मी पहिलीच्या रांगेत खालीच बसले. म्हटलं, मला येत नाही, तुम्ही सांगा. नानांचा प्रश्न लावायचा, "सांगा बरं" झालं की बोटानं थांबवायचं, आणि लेकरं म्हणतील तेव्हा पुढं सोडायचं. क चाच धडा घेतला. प्रश्न आला, मी थांबवलं. कप, कपडे, कुलूप, कोंबडी, कांदा, अशी खोली एकदम भरून गेली. आवाज ओसरले तसं मी बोट उचललं.

"आजून न्हाई," तीन-चार लेकरं एकदम म्हणाली.

मी बोट तसंच ठेवलं. शांतता झाली. कोणीच काही बोलेना. मला वाटलं, झालं असेल. महादेवीनं हात आडवा केला. "राजकन्या ऱ्हायली."

राजकन्या खिडकीच्या अगदी खाली बसली होती. तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, पाटी छातीशी. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, स्पीकरकडं बघितलं. ओठ हलले, थांबले. बाहेर एक बकरी ओरडली. माझं बोट दुखायला लागलं. लेकरं आरामात बसली होती, त्यांना याची सवय होती. कोणी तिला उत्तर सांगितलं नाही, कोणी हसलं नाही.

"कडबा," राजकन्या म्हणाली.

"घरात कडबा?" मागून एक पोरगा म्हणाला.

"आमच्यात घरातच हाय," ती म्हणाली. तिच्या बाजूनं दोघींनी साक्ष दिली.

मॅडमनी मला नंतर सांगितलं, राजकन्येचं सगळं डोक्यात असतं, बाहेर यायला वेळ लागतो. घरात तिच्याआधी दुसरंच कोणी बोलून टाकतं, त्यामुळं जूनमध्ये ती शाळेत आली तेव्हा बोलायचीच नाही. नानांच्या खिडकीसमोर बोलायला लागली.

दोन दिवस मी असेच धडे लावत राहिले. कुठं किती थांबायचं ते लेकरं सांगत होती आणि मी लॅपटॉपवर तेवढी जागा पुन्हा घालत होते. पण ती जागा घातल्यावर एक वेगळीच अडचण आली. कोऱ्या जागेत काहीच आवाज नसतो. नाना "सांगा बरं" म्हणायचे आणि स्पीकर मेल्यासारखा व्हायचा. लेकरं उत्तर देण्याऐवजी त्याच्याकडं बघायची. "बंद पडलं," महादेवी म्हणाली, अगदी बिरादार सरांसारखी. मला माझ्याच कामातली साधी गोष्ट लक्षात आली नव्हती. माणूस गप्प बसला तरी तो जिथं बसलेला असतो ती जागा ऐकू येत असते. लेकरांना नाना ऐकत आहेत असं वाटायचं ते त्या कुत्र्यामुळं आणि सुपामुळं.

बुधवारी दुपारी मी घरी आले. आई अंगणात उडीद पाखडत बसली होती. मी माझा फोन नानांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि बाजूला पायरीवर बसले. आईनं थोडा वेळ बघितलं.

"काय भरून घ्यायलीस?" तिनं विचारलं. "कोणी बोलंना तर."

तेच पाहिजे, मी म्हणाले. तू चालू ठेव.

तिनं सूप चालू ठेवलं. सुपाच्या आवाजाला एक चाल असते, वर उडण्याची आणि परत पडण्याची. मी कापला होता तो हाच आवाज. थोड्या वेळानं ती सुपाकडं बघतच बोलायला लागली. पहिल्या पहिल्यांदा नाना धडा भरायला बसले की ती हात थांबवायची. त्यांना अडचण नको म्हणून. तर ते हातानं खुणवायचे, चालू दे. प्रश्न विचारून झाला की ते गप बसायचे, समोर बघत. समोर कोणी नसायचं, भिंत असायची, तरी एखाद्या लेकराच्या तोंडाकडं बघावं तसं बघायचे.

"यंदा सगळं पुन्यांदा भरलं त्यांनी," आई म्हणाली. "गेल्या सालचं होतं की समदं. मी म्हणले, कामून? तर म्हणले, एक लेकरू आलंय पहिलीत. तिला जरा येळ लागतो."

फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं. आईचं हे बोलणंही त्यात आलं, ते नंतर मी वेगळं काढून ठेवलं. बाकीचं अंगण धड्यांसाठी घेतलं.

आता फक्त "हं" राहिला होता. तो लेकरांना हवा होता. उत्तर दिल्यावर गुरुजी हं म्हणायचे, मग कळायचं की त्यांनी ऐकलं, असं महादेवीनं मला दोनदा बजावलं होतं. साफ केलेल्या धड्यांमध्ये तो कुठंच सापडला नाही. माझं काम मी नीट केलं होतं.

मग मला माझाच फोन आठवला. नाना टाईप करत नसत, बोलून पाठवायचे. मी दर वेळी लातूरला परत गेले की संध्याकाळी त्यांचा निरोप यायचा. नाना गेल्यापासून तो भाग मी उघडला नव्हता. दसऱ्यानंतरचा शेवटचा निरोप लहानसा होता. "हं. आरती, पोचलीस का? दार नीट लावून घे." त्याआधी मी बसमधून, अहमदपूर सोडलं, असं काही तरी पाठवलं असणार. त्याला तो हं होता.

मी तो एकच आवाज घेतला. तो लॅपटॉपवर ठेवून बराच वेळ अंगणात फेऱ्या मारल्या. माझ्या निरोपाला दिलेला हुंकार राजकन्येच्या कडब्याला लावायचा, हे बरोबर की चूक, मला ठरवता येईना. नानांनी त्या जागी असाच हं म्हटला होता की दुसऱ्या कुठल्या तऱ्हेचा, कोण जाणे. लेकरांना फसवतो आहोत असंही वाटत होतं आणि दिलं नाही तर त्यांचं काढून घेतलेलं परत देत नाही असंही. आईला विचारलं. ती म्हणाली, त्यांनी लेकरांना वेगळा आणि तुला वेगळा हं कधी म्हटला नाही. मी तो लावला. मूळ निरोप मात्र या वेळी मिटवला नाही, त्याच्या दोन प्रती करून ठेवल्या.

शुक्रवारपर्यंत थोडेच धडे दुरुस्त झाले. बिरादार सर आले तेव्हा मॅडमचा चेहरा उतरलेला होता. सर खोलीत मागच्या बाजूला खुर्चीवर बसले, हेल्मेट मांडीवर. मी दाराजवळ भिंतीला टेकून उभी होते. पेन ड्राइव्ह लावला.

"आलात का सगळे?"

"आलोऽऽ."

सूप वर गेलं, खाली आलं. "हं," नाना म्हणाले. "बसा."

लेकरं आधीच बसलेली होती, तरी जरा सरकून नीट बसली. बिरादार सरांनी माझ्याकडं बघितलं. क आला. घरातली वस्तू आली. सांगा बरं आलं आणि खोली भरली. कप, कुलूप, कोंबडी. कोणी तरी आज कपाट हा नवा शब्द आणला होता. मग आवाज बसले आणि स्पीकरमधलं आमचं अंगण ऐकू यायला लागलं.

सर वाट बघत होते. मग त्यांचा पाय हलायला लागला. मॅडमनी साडीचा पदर घट्ट धरला. ती जागा मी घातली होती, लेकरांनी सांगितली तेवढीच, तरी मलाही ती आता न संपणारी वाटायला लागली. सर उठले. दोन पावलं पुढं आले आणि स्पीकरवर थाप मारायला त्यांनी हात उचलला.

"सर, गप ऱ्हावा," महादेवी हळू आवाजात म्हणाली. "गुरुजी ऐकायलेत."

सरांचा हात तसाच राहिला. खिडकीखाली राजकन्येचे ओठ हलत होते. तिनं सरांच्या हाताकडं बघितलं आणि ओठ मिटले. मला वाटलं, संपलं. महादेवी तशीच सरांकडं बघत होती. सरांनी हात खाली घेतला, मागं सरकले, पण खुर्चीवर न बसता तिथंच दुसरीच्या लेकरांमध्ये खाली उकिडवे बसले.

सूप वर गेलं, खाली आलं.

"कणगी," राजकन्या म्हणाली. आज कडबा नव्हता.

"हं," नाना म्हणाले. "लई चांगलं. मला आणखी एक आठवलं. कुदळ."

लेकरं हसली. कुदळीला ती रोजच हसतात असं दिसलं. राजकन्या हसली नाही, पण पाटीवर क काढायला लागली. बिरादार सर थोडा वेळ तिच्या पाटीकडं बघत राहिले. पुढचे दोन प्रश्न त्यांनी तिथंच बसून ऐकले. दुसऱ्या वेळी राजकन्येच्या आधी सरच काही तरी पुटपुटले आणि एका लेकरानं त्यांना तोंडावर बोट ठेवून दाखवलं.

बाहेर आल्यावर ते मॅडमशी बोलले. गुढीपाडव्यापर्यंत लेकरं इथंच राहू द्या, मग बघू, असं. लिहून काही दिलं नाही. मोटारसायकलीपाशी जाऊन ते हेल्मेट घालत असताना मला म्हणाले, "मागच्या टायमाला मी थापा मारल्या तवा बी ह्या पोरीचंच चालू होतं का?" मला ते माहीत नव्हतं. असेल, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि गाडीला किक मारली.

मॅडम तिसरी-चौथीच्या खोलीत गेल्या. मला संध्याकाळची बस धरायची होती, सामान आवरायचं होतं, आईचं औषध आणून ठेवायचं होतं. मी निघणार एवढ्यात खिडकीतला स्पीकर आपोआप पुढच्या धड्यावर गेला. तो धडा मी अजून दुरुस्त केला नव्हता. नाना सलग, ठामपणे बोलायला लागले. केळीचं उदाहरण होतं. अर्धापूरची केळी, एका फणीत इतकी, त्यातली दोन पाहुण्यांना दिली तर किती राहिली, सांगा बरं.

मी खोलीत परत शिरून खिडकीपर्यंत पोचले आणि स्पीकर थांबवायचं बटण दाबलं.

लेकरांची उत्तरं आली, चुकीची, बरोबर, पुन्हा चुकीची. मग कोणीच बोलेना. सगळ्यांनी खिडकीखाली बघितलं. राजकन्येनं स्पीकरकडं बघितलं, मग पहिल्यांदाच वर माझ्याकडं. मी स्पीकर खाली घेतला आणि बटणावर बोट ठेवून तिच्यासमोर जमिनीवर बसले.